गाडीचा खर्च आणि दूरस्थ अधिकारी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षी तोच लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला, तेव्हापासून ह्या टापूतील माणसाने घर कोठे घ्यावे, नोकरी कोठे धरावी, इतकेच काय पण सकाळी किती वाजता उठावे, हेही बव्हंशी रुळांनीच ठरविले आहे. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर ही गावे वाढली ती स्थानकाच्या आधाराने. म्हणून अशा गावात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने मोटार घेतली आणि तिचा खर्च व्यवसायाच्या हिशेबात धरला, म्हणजे ‘लोकल असताना गाडी कशाला?’ हा प्रश्न प्रथम घरात, मग सोसायटीत आणि क्वचित आयकर खात्याच्या पत्रातही उपस्थित होतो. ह्या तिसऱ्या ठिकाणी मला त्याला उत्तर द्यावे लागले. त्या प्रकरणात जे शिकावयास मिळाले ते डॉक्टर, वास्तुविशारद, विमा-प्रतिनिधी, गृहसजावटकार अशा, स्वतःच्या गाडीने स्वतःचे काम करणाऱ्या मंडळींच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने ते येथे सविस्तर मांडतो.

माझा व्यवसाय इमारतींच्या संरचनात्मक परीक्षणाचा आहे. महापालिकांच्या हद्दीतील तीस वर्षांहून जुन्या इमारतींना अशा परीक्षणाचे प्रमाणपत्र सादर करावे लागते, आणि ठाण्यापासून बदलापुरापर्यंत अशा वयाच्या इमारतींची वाण नाही. काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर, ध्वनितरंगांनी आतील भेगा व पोकळ्या शोधणारे यंत्र, भिंतीतून नमुना काढावयाचे जड कोअर कटर, शिडी, हेल्मेटे हे सर्व सकाळच्या गर्दीत लोकलच्या डब्यात चढविणे अशक्य. आणि चढविले तरी घोडबंदर रस्त्यावर लोकल जात नाही. सकाळी कल्याणच्या पारनाक्यावरील जुना वाडा, दुपारी कासारवडवलीजवळची वसाहत आणि सायंकाळी अंबरनाथची इमारत, असा दिवस ज्याला नित्य काढावा लागतो त्याची मोटार ही हौसेची वस्तू राहत नाही. परंतु हे मला पटणे निराळे आणि कराच्या दप्तरी सिद्ध होणे निराळे.

कायद्याची मूळ मांडणी प्रथम ध्यानात घ्यावी. मोटारीची किंमत हा भांडवली खर्च असल्यामुळे ती एकरकमी वजा होत नाही. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये तिचा घसारा दरसाल, तोही उरलेल्या घटत्या किमतीवर, वजा मिळतो. स्वतःच्या व्यवसायात वापरावयाच्या मोटारीस हा दर १५ टक्के आहे, तर भाड्याने चालविल्या जाणाऱ्या टॅक्सी, बस व मालमोटारींना ३० टक्के. पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि कर्जावरील व्याज हे चालू खर्च त्याखेरीज. आणि ह्या सर्वांच्या वर कलम ३८(२) उभे आहे, ज्याचा आशय असा की मालमत्ता केवळ व्यवसायासाठीच वापरली जात नसेल, तर व्यवसायाच्या वापराच्या रास्त प्रमाणात जेवढा अंश येईल तेवढाच वजा द्यावा, आणि तो अंश ठरविण्याचा अधिकार निर्धारण अधिकाऱ्याचा. स्वतंत्र व्यावसायिकाच्या गाडीचा बहुतेक वाद ह्या एका कलमाभोवती फिरतो.

घसाऱ्याबाबत आणखी एक नियम असा की खरेदीच्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर दर निम्मा होतो. मार्चअखेरपासून मागे दिवस मोजीत गेल्यास साधारण वर्षी ही सीमा ३ ऑक्टोबरला पडते. आपल्याकडे गाडी घ्यावयाची ती दसऱ्याला, पाडव्याला किंवा दिवाळीत. आणि पंचांगाचा व आर्थिक वर्षाचा मेळ बसतोच असे नाही. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला आला, त्या दिवशी घेतलेल्या गाडीला त्या वर्षी साडेसात टक्केच मिळाले; २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला, तो एका दिवसाच्या फरकाने सीमेच्या आत. उलट ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्याला घेऊन लगोलग कामाला लावलेल्या गाडीला दोन दिवसांच्या वापरावर त्या सबंध वर्षाचा निम्मा घसारा मिळू शकत होता. मुहूर्त सोडावा असे मी मुळीच म्हणत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी कोणता कोठे पडतो हे एकदा आर्थिक वर्षाच्या अंगाने पाहून घ्यावे, इतकेच. मात्र गाडी नुसती दारात येऊन पुरत नाही, ती व्यवसायात वापरास लागली पाहिजे. म्हणून पहिल्याच कामाच्या फेरीची नोंद जपून ठेवावी.

माझी गाडी आली ती २०१९ च्या दसऱ्याला, म्हणजे ८ ऑक्टोबरला. वाहन-उद्योगातील मंदीवर उपाय म्हणून सरकारने २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० ह्या अवधीत घेतलेल्या व त्याच अवधीत वापरास लागलेल्या मोटारींना १५ ऐवजी ३० टक्के घसारा देऊ केला होता, त्याचा लाभ मला झाला. पण १८० दिवसांची सीमा चार दिवसांनी हुकल्यामुळे पहिल्या वर्षी त्याचा निम्मा, म्हणजे १५ टक्के. आठ लाखांच्या किमतीवर १,२०,००० रुपये वजा झाले, ६,८०,००० उरले, आणि पुढील वर्षी त्यावर पूर्ण ३० टक्के, म्हणजे २,०४,००० रुपये घसारा आला. हे पुढील वर्ष म्हणजे २०२०-२१ चे.

ते वर्ष कसे गेले हे ह्या भागातील वाचकांस सांगावयास नको. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. १५ जूनपासून त्या सुरू झाल्या खऱ्या, पण अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या; सर्वसामान्य पुरुष प्रवाशाला, तेही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ पासूनच डब्यात पाऊल ठेवता आले. खाजगी अभियंत्याचा समावेश अत्यावश्यक सेवेत नव्हता. इमारती मात्र टाळेबंदी पाळीत नाहीत. पावसाळ्यात छत गळावयाचे ते गळतेच, स्तंभाला तडा जावयाचा तो जातोच, आणि घाबरलेल्या सोसायटीच्या चिटणिसाचा दूरध्वनी आला म्हणजे जाणे भाग. एरवी मुलुंड-भांडुपचे किरकोळ काम मी लोकलने उरकीत असे, ते त्या वर्षी सगळे गाडीवर आले. त्यात कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्री पूल २०१८ मध्ये पाडला गेला होता आणि नवा पूल २५ जानेवारी २०२१ ला खुला झाला. त्या मधल्या काळात तेथील कोंडीत इंधन किती जळाले हे ज्याने ती कोंडी सोसली त्यालाच माहीत. दुसरीकडे अनेक सोसायट्यांनी नियमित परीक्षणे पुढे ढकलल्याने माझी जमा घटली. येणेप्रमाणे जमा कमी, इंधन अधिक आणि घसाऱ्याची रक्कम आदल्या वर्षीपेक्षा मोठी, असे तीन आकडे एका ताळेबंदात शेजारी-शेजारी येऊन बसले. हिशेब-तपासनिसाने सही केलेल्या त्या हिशेबात गाडीचा सर्व खर्च, रूढीप्रमाणे, व्यवसायाचा म्हणून दाखविलेला होता.

जून २०२२ मध्ये छाननीची नोटीस आली. निर्धारणाचे काम आता ‘फेसलेस’ पद्धतीने चालते; म्हणजे अधिकारी कोण, कोणत्या शहरी बसला आहे, हे करदात्याला कळत नाही, समोरासमोर भेट होत नाही आणि सर्व विचारपूस व उत्तरे संकेतस्थळावरून, लेखी. ह्या पद्धतीने लाचलुचपतीला आणि ओळखी-वशिल्याला आळा बसला, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु तिचा एक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात आला आहे. पूर्वी आपल्या वॉर्डातील अधिकारी आपल्याच स्थानकावर उतरत असे. लोकल बंद होत्या हे त्याला सांगावे लागत नव्हते, माजिवड्याच्या चौकात किती वेळ जातो हे तोही भोगीत होता. आताचा अधिकारी ह्या प्रदेशाला सर्वस्वी परका असू शकतो. मी उत्तराचा पहिला मसुदा केला त्यात ‘लोकल बंद असल्याने प्रवास मोटारीने करावा लागला’ असे एक वाक्य लिहून मी निश्चिंत झालो होतो. माझ्या करसल्लागारांनी ते वाचले आणि म्हणाले, “साहेब, हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. वाचणारा कदाचित गुवाहाटीला बसला असेल. त्याच्या गावी लोकलच नाही. सरकारी आदेशाची प्रत लावा.” मला जे काही सांगावयाचे आहे त्याचे सार त्यांच्या ह्या बोलण्यात आहे: आपली नोंद, आपली पावती, आपले स्पष्टीकरण हे ज्याने आपले गाव कधी पाहिले नाही, आपला व्यवसाय कधी केला नाही, अशा मनुष्याला एकट्याने वाचून उमगेल असे असले पाहिजे.

विचारणा तीन मुद्द्यांवर होती: जमा घटली असता गाडीचा खर्च का वाढला, गाडीची आवश्यकता काय, आणि वैयक्तिक वापर शून्य धरण्यास आधार काय. पहिल्या मुद्द्याचे उत्तर आदेशांच्या प्रती आणि घसाऱ्याच्या दराचा तक्ता एवढ्याने भागले. दुसऱ्या मुद्द्याबाबत कायदा करदात्याच्या बाजूने उभा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. वालचंद आणि कंपनीच्या प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व प्रतिपादिले की खर्च वाजवी की अवाजवी हे ठरवावयाचे ते व्यवसाय करणाऱ्याच्या दृष्टीने, महसूल खात्याच्या दृष्टीने नव्हे. तुम्ही लोकलने जाऊ शकला असता, असे म्हणून खर्च नाकारता येत नाही. खर्च खरोखर झाला का आणि व्यवसायासाठी झाला का, एवढेच पाहावयाचे.

तिसरा मुद्दा हाच खरा. येथे माझ्या कपाटातील दोन प्रकारच्या कागदांची दोन निराळी गती झाली. पेट्रोलपंपाच्या आणि टोलनाक्याच्या पावत्या मी महिनावार पाकिटात जपून ठेवल्या होत्या. पाकिटे उघडली तेव्हा त्यांपैकी बहुतेक कोऱ्या निघाल्या. ह्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात, आणि आमच्या दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत त्यांवरील अक्षर उडून जाते. कार्डाने दिलेल्या रकमा बँकेच्या उताऱ्यात सापडल्या; रोखीच्या गेल्या त्या गेल्याच. ज्यांनी तारले ते कागद कराच्या हेतूने ठेवलेलेच नव्हते. प्रत्येक इमारतीच्या पाहणीनंतर मी जागेवरच एक पाहणी-अहवाल लिहितो, त्यावर तारीख, वेळ, इमारतीचा पत्ता आणि सोसायटीच्या चिटणिसाची सही असते. ते सारे अहवाल तारीखवार लावले, प्रत्येक जागेचे अंतर मांडले, तेव्हा वर्षभराचा व्यावसायिक प्रवास सुमारे १०,५०० किलोमीटर भरला. उलट बाजूने, गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा वर्कशॉपने जॉबकार्डावर लिहिलेले मीटरचे आकडे पाहिले असता त्या वर्षी गाडी एकूण सुमारे १४,००० किलोमीटर चालली होती. मधले साडेतीन हजार किलोमीटर घरचे होते. आईला रुग्णालयात नेणे, कोकणात गावी जाणे ह्यांत ते गेले होते. ते तसे आहेत हे आम्ही उत्तरात स्पष्ट लिहिले.

डिसेंबर २०२२ च्या आदेशात अधिकाऱ्याने कलम ३८(२) खाली गाडीच्या खर्चाचा एक चतुर्थांश नाकारला: घसाऱ्यातील ५१,००० आणि इंधन, विमा, दुरुस्ती व व्याज मिळून झालेल्या १,८०,००० पैकी ४५,०००, एकंदर ९६,००० रुपये. तीस टक्क्यांनी व त्यावरील उपकराने २९,९५२ रुपयांचा कर, वर व्याज. हा आदेश मला न्याय्य वाटला. ज्यांच्याजवळ काहीच कागद नसतो त्यांचा अर्धा खर्च अंदाजाने कापला गेल्याचे मी माझ्याच परिचितांत पाहिले आहे. येथे अधिकाऱ्याने माझ्याच मीटरचे गणित स्वीकारले.

आदेशाबरोबर दंडाची कार्यवाही सुरू केल्याचे वाक्य येते, आणि माणसे त्यानेच अधिक घाबरतात. कलम २७०अ चा भेद येथे नीट समजून घ्यावा. उत्पन्न कमी दाखविले एवढाच दोष असेल तर दंड चुकलेल्या कराच्या ५० टक्के. परंतु ‘चुकीचे निवेदन’ ठरले तर २०० टक्के, आणि कोणत्याही पुराव्याने सिद्ध न होणाऱ्या खर्चाची मागणी ही ह्या दुसऱ्या, जबर प्रकारात मोडते. म्हणजे पावती नसलेला खर्च नुसता नाकारला जाऊन थांबत नाही, तो दुप्पट दंडाच्या दारात नेऊन सोडतो. पहिल्या प्रकारातून सुटण्याचा मार्ग कायद्यानेच ठेवला आहे: मागणीच्या मुदतीत कर व व्याज भरावे, अपील करू नये, आणि आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एका महिन्याच्या आत नमुना ६८ मध्ये दंडमाफीचा अर्ज करावा. मी तसे केले आणि प्रकरण मिटले. ही मुदत अत्यंत कसोशीने पाळावी. अपील करावयाचे की माफी मागावयाची ह्याचा विचार लांबवीत गेल्याने दोन्ही दारे बंद झालेले एक सद्गृहस्थ माझ्या माहितीत आहेत.

आता मी काय करतो ते सांगतो. गाडीच्या कप्प्यात एक साधी वही असते. कामाच्या प्रत्येक फेरीला तारीख, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, अशिलाचे किंवा सोसायटीचे नाव, कामाचा प्रकार आणि मीटरचा आरंभीचा व शेवटचा आकडा एवढे लिहावयाचे. घरच्या फेरीला ‘घरगुती’ असा शब्द पुरतो. लिहावयाचे ते त्याच दिवशी. वर्षाअखेरीस एका बैठकीत, एका शाईने, एका वळणाने भरलेली वही तरबेज नजरेला ताबडतोब ओळखू येते आणि मग खऱ्या नोंदीही संशयित होतात. ३१ मार्चच्या रात्री मीटरचे छायाचित्र घेऊन ठेवतो, म्हणजे वर्षाचा एकूण प्रवास वादातीत राहतो. पेट्रोलची पावती मिळताच तिचे छायाचित्र, आणि पैसे शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च कलम ४०अ(३) खाली समूळ नाकारला जातो, हा नियम गॅरेजच्या मोठ्या बिलाच्या वेळी हटकून विसरला जातो. बिलावर गाडीचा क्रमांक असल्याखेरीज गॅरेज सोडीत नाही. घर ते कार्यालय हा रोजचा प्रवास मी घरगुतीत धरतो. त्याबद्दल कोणी निराळे मत देतील, पण ज्या पाच-दहा टक्क्यांवरून सबंध वहीची विश्वासार्हता डळमळेल त्यांचा लोभ धरू नये, असे माझे मत आहे.

टोलची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, मुंबईच्या वेशीवरील नाक्यांवरही तो चालू लागला, आणि नाका ओलांडल्याची तारीख-वेळेसह नोंद आपोआप होऊ लागली. ठाण्याहून मुंबईत कामाला जाणाऱ्याला ह्याहून चोख साक्षीदार कोणता मिळणार? पण १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मुलुंडच्या किंवा ऐरोलीच्या नाक्यावरचे पैसे वाचले ह्याचा आनंद आहेच, परंतु त्याबरोबर ती आयती नोंदही गेली, आणि वहीचे महत्त्व तेवढ्याने वाढले.

एवढी खटपट सर्वांनाच करावी लागते असे नाही, आणि कोणास करावी लागते हे गाडी घेण्यापूर्वी ठरवावे. अभियंते, डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, गृहसजावटकार इत्यादी ठरावीक व्यावसायिकांना कलम ४४अडअ ची अनुमानित उत्पन्नाची योजना खुली आहे: वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत, असेल तर तिच्या निम्मे उत्पन्न धरून कर भरावा, हिशेबाच्या वह्या नकोत, तपासणी नको. माझ्याकडे मदतनीस, यंत्रे, प्रयोगशाळेचे शुल्क असा खर्च निम्म्याहून जास्त होत असल्याने मला ती परवडत नाही, आणि निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवावयाचे म्हणजे वह्या व तपासणी दोन्ही अंगावर येतात. पण नौपाड्यातील एका तरुण गृहसजावटकार मुलीने ही योजना घेतली आणि शिवाय नव्या गाडीचा घसारा निराळा वजा करू पाहिला. ते चालत नाही. निम्म्या रकमेत घसाऱ्यासकट सर्व खर्च मिळाल्याचे कायदा मानतो. इतकेच नव्हे, तर दरवर्षी घसारा घेतल्याप्रमाणे गाडीची किंमत कागदोपत्री घटतही राहते. दोन-तीन वर्षांनी योजना सोडून नेहमीच्या हिशेबाकडे वळावे तर घसाऱ्याला आधार असतो तो ह्या घटलेल्या किमतीचा.

विमा-प्रतिनिधी आणि घरांचे दलाल ह्यांची स्थिती ह्याच्या उलट. दलाली वा कमिशनच्या उत्पन्नाला व्यापाऱ्यांसाठी असलेली कलम ४४अड ची योजना लागूच होत नाही, त्यामुळे डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत घरोघर हिंडणाऱ्या प्रतिनिधीला प्रत्यक्ष खर्चच सिद्ध करावा लागतो. वहीची गरज सर्वांत जास्त त्यालाच, आणि ती ठेवणारे सर्वांत थोडे त्यांच्यातच, असा माझा अनुभव आहे. भिवंडीच्या गोदामांतून टेम्पो फिरविणाऱ्या, दहापर्यंत मालवाहने असलेल्या मालकांसाठी कलम ४४अई मध्ये दर वाहनामागे दरमहा ७,५०० रुपये असे ठोक उत्पन्न धरण्याची सोय आहे. बारा टनांहून जड वाहनांना ते टनामागे १,००० रुपये. आणि पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाड्याने माणसे नेऊन ३० टक्के घसारा मागण्याच्या फंदात कोणी पडू नये. परवाना नाही, विमा लागू होणार नाही, आणि कराची सवलतही टिकणार नाही.

नव्या करप्रणालीविषयी एक गैरसमज सर्वत्र पसरला आहे की तिच्यात कसलीच वजावट नाही. ८०क सारख्या बहुतेक वैयक्तिक वजावटी गेल्या हे खरे. व्यवसायाचा खर्च आणि नेहमीचा घसारा मात्र तिच्यातही पूर्वीप्रमाणेच मिळतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा अधिनियम जाऊन २०२५ चा नवा अधिनियम अमलात आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच क्रमांकांनी चालतील म्हणून मी तेच येथे दिले आहेत. वापराच्या प्रमाणात वजावट हे तत्त्व नव्या अधिनियमातही कायम आहे.

खरेदीच्या वेळच्या काही गोष्टी भराभर सांगतो. घसारा मालकाला मिळतो. गाडी पत्नीच्या नावे आणि व्यवसाय पतीचा असेल, तर कामासाठी जाळलेले पेट्रोल पतीच्या खर्चात धरता येईल, घसाऱ्याला मात्र हरकत निघेल. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नव्हे, फक्त व्याज खर्च. बँकेकडून दोन्हींची फोड दाखविणारे प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्यावे. गाडीची किंमत १० लाखांहून अधिक असल्यास विक्रेता एक टक्का कर गोळा करतो, तो आपल्या नावे २६अएस ह्या कर-उताऱ्यात जमा दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घ्यावयाचा असतो. तो सोडून देणारे कितीतरी लोक आहेत. जीएसटीची नोंदणी असली तरी चालकासह तेरापर्यंत आसनांच्या गाडीवरील कराचे क्रेडिट सामान्य व्यावसायिकाला मिळत नाही. तो कर गाडीच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घ्यावा.

आणि केवळ कर वाचतो म्हणून गाडी घेऊ नये, हे अगदी कळकळीने सांगावेसे वाटते. दहा लाखांची गाडी, सत्तर टक्के व्यवसायाचा वापर, पूर्ण वर्ष: घसारा १,५०,००० पैकी १,०५,००० मान्य, आणि तीस टक्क्यांच्या वर्गातील माणसालाही त्यावर उपकरासह वाचले ३२,७६०. पुढील वर्षी त्याहून कमी. विक्रेत्याच्या दालनात ‘सगळी गाडी खर्चात टाका’ असे जे सांगितले जाते ते ह्या आकड्यांसमोर ठेवून पाहावे.

शेवटी विक्री. येथे पुष्कळांना धक्का बसतो, कारण जुनी गाडी विकून नफा होतो अशी कोणाची कल्पना नसते. पूर्णपणे व्यवसायात असलेल्या दहा लाखांच्या गाडीवर पाच वर्षे १५ टक्क्यांनी पूर्ण घसारा घेतला असता कागदोपत्री किंमत उरते सुमारे ४,४३,७०० रुपये. ती पाच लाखांना विकली आणि त्याच दराच्या गटात दुसरी मालमत्ता नसेल, तर वरचे सुमारे ५६,३०० रुपये अल्पकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र होतात, गाडी पाच वर्षे जवळ असली तरीही. त्याच आर्थिक वर्षात त्याच गटात दुसरी गाडी घेतली तर तिच्या किमतीत हा फरक सामावला जातो. म्हणून जुनी मार्चमध्ये विकून नवी एप्रिलमध्ये घेण्यापूर्वी सल्लागाराला विचारावे. व्यावसायिकाने हिशेबाची कागदपत्रे संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवावयाची असतात, परंतु गाडीच्या मूळ खरेदीचे बिल त्या मोजणीत धरू नये. गाडी विकून ज्या वर्षाचा हिशेब पुरा होईल, त्या वर्षापासून पुढची सहा वर्षे ते कपाटात राहू द्यावे.